पंगतीत मीठ संपलं तेव्हा

आधी मूर्खपणा सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला माझ्याबद्दल उगाच आदर वाटायला नको.

गेल्या भाद्रपदात मी सांगलीत, माझ्या ओट्यापाशी, लोणच्यासाठी लिंबं चिरत उभी होते. हात चिकट, फोन स्पीकरवर. पलीकडे माझी धाकटी नणंद शालू. ती पनवेलला लागून असलेल्या सुकापूरला मुलाकडे राहते. तिला सांधेदुखी आहे, बोटं वाकडी करणारी. नव्या डॉक्टरांनी दोन गोळ्या दिल्या होत्या, एक रोज घ्यायची आणि दुसरी आठवड्यातून फक्त एकदा. शालूनं आमच्या घराण्याच्या पद्धतीप्रमाणे सगळ्या गोळ्या पाकिटांतून फोडून स्टीलच्या डबीत दोन कप्प्यांत भरल्या होत्या आणि पाकिटं फेकून दिली होती. पाकिटांचा पसारा आम्हाला सहन होत नाही.

"वहिनी, आता रोजची कुठली तेच कळेना. एक पिवळी आहे..."

"पिवळी रोजची," मी म्हणाले. "फॉलिक ॲसिड. जीवनसत्त्व असतं ते. निर्धास्त घे."

"हो, पण दुसरीसुद्धा..."

"शालू, तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलंय मी. ठेव आता, माझी लिंबं काळी पडतील."

लिंबं काही इतक्यात काळी पडत नाहीत. दुसरी गोळीसुद्धा पिवळीच होती, एवढंच तिला सांगायचं होतं. मग बिचारीनं स्वतःच निवाडा केला. एक फिकट, एक गडद. जी जास्त पिवळी ती वहिनींची पिवळी. ती होती मेथोट्रेक्झेट. आठवड्यातून एकदा घ्यायचं औषध शालू रोज घेऊ लागली आणि रोजचं जीवनसत्त्व फक्त रविवारी.

मी तेव्हा सदुसष्ट वर्षांची होते, तशी अल्लडच. आता अडुसष्ट पूर्ण आहेत आणि फोनवर मी "हं, मग?" एवढंच म्हणते.

सुकापूर

आश्विनात मी आठ दिवस राहायला म्हणून शालूकडे निघाले. प्रवासाचं सांगण्यासारखं काही नाही. घाटात झोप लागली आणि पनवेल आल्यावर कंडक्टरनं उठवलं. पिशवीत त्याच लिंबांच्या लोणच्याची बरणी होती.

सुकापूर गाव म्हणावं तर शेत दिसत नाही आणि शहर म्हणावं तर चालायला कडेची जागा नाही. एका बाजूला कौलारू घर, त्याच्या अंगणात म्हैस, आणि म्हशीच्या डोक्यावर पंधरा मजल्यांची इमारत. आमच्या सांगलीत पत्ता सांगताना देवळाचं नाव सांगतात, इथे बिल्डरचं. शालूच्या गॅलरीतून मात्र माथेरानचा डोंगर दिसतो, आणि त्या दिवशी तो ढगात अर्धा बुडालेला होता.

दार शालूनंच उघडलं. ओठ फाटलेले, कडांना रक्त सुकलेलं. तोंडात गरम घास धरून बोलावं तशी म्हणाली, "या वहिनी. दमलात?"

मागून तिची सून रेवती आली. बँकेचं काम घरून करते, कानात ते यंत्र अडकवलेलं असतं. "मामी, आईंना खूप उष्णता झालीय. तोंड आलंय, काहीच गिळवत नाही. दूध तेवढं घेतात. कालपासून कणकणही आहे."

मी पिशवीतून लोणच्याची बरणी काढली होती, ती परत ठेवली. शालू पाय वर घेऊन बसली तेव्हा पोटऱ्यांवर जांभळे ठिपके दिसले. डास चावल्यासारखे, पण डासांचे नव्हेत. बोटानं दाबले तर पुसट होत नव्हते.

"औषधं काय चालू आहेत?"

रेवतीनं डबी आणली. एक कप्पा रिकामा होता, दुसरा जवळजवळ भरलेला. रिकामा झाला म्हणून तिनं आदल्या दिवशी दुकानातून नवं पाकीट आणलं होतं, ते अजून फोडलेलं नव्हतं. मी चष्मा लावून त्यावरचं नाव वाचलं. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं.

"शालू, ही कधी घेतेस?"

शालूनं माझ्याकडे पाहिलं. एक बोट वर केलं, मग खिडकीकडे, सूर्याकडे दाखवलं. रोज. कुणी सांगितलं ते तिनं सांगितलं नाही.

तेवढ्यात तिचा मुलगा मिलिंद बेलापूरच्या ऑफिसमधून आला. मी त्याला सांगितलं की ही गोळी आठवड्याची आहे आणि तुझी आई ती रोज घेतेय. तो वळला तो थेट बायकोकडे. "गोळ्या तू आणतेस ना? एवढंसुद्धा बघता येत नाही?"

रेवती म्हणाली, "डबी आई स्वतः भरतात."

"म्हणजे आता आईचीच चूक."

तिथे मी बोलायला हवं होतं. मी म्हणाले, "आधी गाडी काढ." तेही बरोबरच होतं. म्हणून तर मला ते इतकं सोयीचं पडलं.

दवाखाना, दुसरा मजला

नवीन पनवेलच्या त्या दवाखान्यात शालूला वेगळ्या खोलीत ठेवलं. आत जाणाऱ्यानं तोंड बांधायचं, हात धुवायचे, एका वेळी एकच माणूस. डॉक्टर पोरसवदा मुलगी होती, माझ्या शेवटच्या बॅचमध्ये शोभली असती. रक्ताचा रिपोर्ट पाहून म्हणाली, "पांढऱ्या पेशी फारच खाली गेल्यात. प्लेटलेट्ससुद्धा. आता साधा संसर्गही त्यांना झेपणार नाही. पुढचे काही दिवस मी काहीच खात्रीनं सांगू शकत नाही, आजी."

मला सांगायची गरज नव्हती. मला सगळं येत होतं, हीच तर अडचण होती.

तुमच्यापैकी ज्यांनी हा विषय दहावीनंतर सोडला त्यांच्यासाठी सांगते. पेशीला स्वतःसारखी दुसरी पेशी करायची तर आधी डीएनएची पूर्ण नक्कल काढावी लागते. चार अक्षरांत लिहिलेला दोन पदरी दोर. पदर सुटे करायचे आणि प्रत्येक जुन्या पदराला त्याच्या जोडीचा नवा पदर विणायचा. म्हणजे होणाऱ्या दोन्ही दोरांत एक पदर जुना, एक नवा. विणणारं यंत्र आपली चूक आपणच मागे वळून तपासतं आणि खोडतं, ते मला आजवर नीट जमलेलं नाही. मेथोट्रेक्झेट या चार अक्षरांतल्या एका अक्षराचा पुरवठाच तोडतं. आठवड्यातून एकदा, थोडंसं घेतलं तर सांध्यांची आग शमते. रोज घेतलं तर जिथे जिथे सारखी नक्कल चालू असते तिथे काम ठप्प होतं. तोंडाची आतली कातडी, आतडं, केसांची मुळं, हाडांमधली रक्त तयार करणारी मज्जा. मेंदूच्या पेशींनी हे लिहिणं केव्हाच सोडलेलं असतं, म्हणून त्यांना या औषधाचा फारसा पत्ता लागत नाही. शालूला सगळं समजत होतं, फक्त गिळता येत नव्हतं.

बाकावर बसून मला माझा पहिला वर्ग आठवला. पंचविशीतल्या मॅडम, अंबाड्यात सुरंगीचा गजरा, आणि हातात नवऱ्याची पँट. होय, पँट. डीएनए कसा उघडतो ते दाखवायला मी तिची चेन वापरायची. "एका टोकाला सुरुवात, दुसऱ्या टोकाला शेवट. समजलं?" मुलं हसून हसून बाकाखाली जायची आणि मला वाटायचं, काय रस घेतायत. कितीतरी वर्षांनी नव्या पुस्तकात वाचलं की माणसाचा सगळ्यात लांब डीएनए असा एका टोकापासून लिहीत गेलं तर महिना-दोन महिने लागतील, आणि पेशी ते काम सात-आठ तासांत उरकते. कारण ती एका टोकाला सुरू करतच नाही, हजारो ठिकाणी सुरू करते. तोवर किती बॅचेसना मी ती पँट दाखवली होती ते विचारू नका. शेवटी तिची चेन मध्येच अडकली, ना वर ना खाली. त्या सगळ्या शिकवण्यात शास्त्राला धरून असलेली तेवढी एकच गोष्ट होती, आणि तिचा अर्थ मला आत्ता, या बाकावर कळत होता.

समोरच्या बाकावर रेवती. मिलिंद तिच्याशी बोलत नव्हता. ती फोनमध्ये बघत होती, पण फोनचा पडदा काळा होता.

करंजा

शेजारच्या खोलीत न्यूमोनियाचा एक पेशंट होता. त्याची बायको हिराबाय, साठीची, करंजा बंदराजवळची. हिरवं लुगडं, हातात जाड पाटल्या. घरची पूर्वी मिठागरं होती, आता मुलगे बांधकामाचा धंदा करतात. दुसऱ्या दिवशी ती नवऱ्याचे कपडे आणायला घरी निघाली होती.

"तुमी कालधरनं नुसत्या चाय पितां," ती मला म्हणाली. "चला माज्यासंगं. गाडी हाय. दोन घास खावा, सांजच्याला परत आनून सोडते."

मी लगेच उठले. तिच्या आग्रहामुळे नव्हे. रेवतीच्या समोरून उठायला मला काहीतरी निमित्त हवं होतं.

करंजाचं बंदर पाहिलं नसेल तर वासावरून सापडेल. होड्या एकीला एक खेटून, झेंडे भिजून काठीला चिकटलेले. धक्क्यावर लिलाव चालू होता. टोपलीभोवती बायकांचा घोळका, एक बाई आकडा ओरडते, दुसरी तो तिच्या तोंडातून काढून घेते आणि वाढवते. आमच्याकडे बेदाण्याच्या सौद्यात पुरुष रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवतात. इथे सगळं आभाळाला ऐकू जातं. पुढे बांबूंवर दोऱ्या ताणून बोंबील वाळत टाकलेले, जबड्यात जबडा अडकवून लटकवलेले, रांगाच्या रांगा. आभाळ भरून आलेलं, समुद्र राखेच्या रंगाचा. मी पदर नाकाला लावला.

"बामनीन दिसतां," हिराबाय हसली. "तुमच्यासाठी वालाचं बिरडं हाय, भिऊ नका."

तांदळाची भाकरी आणि बिरडं. इतकी पातळ, मऊ भाकरी आमच्या ज्वारीवाल्यांच्या हातून होत नाही. कालपासून पहिल्यांदाच अन्न पोटात गेलं आणि त्याचीच लाज वाटली. जेवून आम्ही अंगणात बसलो. आतून कुणी हाक मारत नव्हतं, तेव्हा ती वाळलेले बोंबील निवडत म्हणाली, "तुमच्या नणंदंला झालंय तरी काय? त्या डाक्टरनीचं मला काय कळलं नाय."

डीएनए म्हणजे घराण्याची पोथी, प्रत्येक पेशीला तिची नक्कल काढावी लागते, एवढं मी सांगितलं. मग सुचेना. समोर ओसरीत तिच्या मुलाच्या लग्नाचा फोटो होता, मांडवातला.

"असं समजा, लग्नाची पंगत आहे. वाढपी यायच्या आधी पानं मांडून घेतात ना?"

"मंग."

"पेशीतसुद्धा आधी पोथीवर हजारो ठिकाणी पानं मांडतात. तेव्हा वाढायचं नाही, नुसती पानं. मग वाढायची हाक येते. ती आली की पानं मांडणाऱ्यांना मांडवाबाहेर काढतात. काहींना बांधून ठेवतात, काहींना तर संपवूनच टाकतात."

"इतकं कशापायी?"

"वाढणं चालू असताना कुणी नवं पान मांडलं तर एकाच जागी दोनदा वाढलं जाईल. पोथीचा तोच भाग दोनदा लिहिला गेला तर पेशी बिघडते, पुढे रोग होतात. म्हणून एका पंगतीला प्रत्येक जागी एकदाच. पंगत उठायची, एका पेशीच्या दोन व्हायच्या, मगच पुन्हा पानं."

"नि ज्यादा पानं मांडत नाय? पावन्यांचा काय नेम?"

मला तिचं कौतुक वाटलं. हा प्रश्न तीस वर्षांत मला कुणी विचारला नव्हता. "मांडतात. बरीच जास्त. शेजारचा वाढपी अडला तर त्या जास्तीच्या पानापासून दुसरा सुरू करतो. नाही अडला तर वाढपी येतो आणि ते पान उचलून पुढे जातो. वाढपी जोडीनं चालतात. एक सरळ वाढत पुढे जातो. दुसऱ्याला उलट्या अंगानंच वाढता येतं, म्हणून तो थोडं पुढे धावतो, मागे वाढत येतो, परत पुढे धावतो. त्याचे तुकडे मग सांधून घ्यावे लागतात."

"तो आमचा जावय," हिराबाय म्हणाली. "नि तुमच्या नणंदंच्या पंगतीत काय इस्कटलं?"

"ऐन वाढताना मीठ संपलं. सगळे वाढपी आहेत तिथे थांबले. पेशीत एक मुकादम असतो, तो ओरडतो, नव्या ओळी सुरू करू नका, चालू आहेत त्या धरून ठेवा, कोसळू देऊ नका. मीठ लवकर आलं तर पंगत सावरते. नाही आलं तर पेशी स्वतःच मांडव मोडून टाकते. अर्धवट लिहिलेली पोथी पुढच्याला द्यायची नाही, असा तिचा नियम."

हिराबायचे हात थांबले. मिठागरवाल्यांच्या घरी ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. "पंगतीत मीठ संपलं म्हंजे यजमानाचं तोंड काळं. आमच्या मांडवात आजवर संपलं नाय. कोनी नेलं मीठ?"

औषधानं, असं म्हणता आलं असतं, आणि ते खोटं नव्हतं. मी वाळणाऱ्या बोंबलांकडे बघत म्हणाले, "मी."

मग फोनचं सगळं सांगितलं. लिंबांसकट. ती ऐकत ऐकत बोंबील उलटे करत राहिली.

"आन बोलनी कोन खातंय?"

"सून."

"ती काय बोलते?"

"काही नाही. गप्प बसते."

"मंग तुमी हितं बोंबील कशाला बघताय?"

पुन्हा दुसरा मजला

परतताना आकाश इतकं खाली आलं होतं की कंटेनरच्या गाड्यांनी चारलाच दिवे लावले होते. जिन्याशी हिराबाय म्हणाली, "जावा वर."

मिलिंद आणि रेवती दोघंही बाकावर होते, मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा सोडून. मी त्या जागेवर बसले नाही, उभ्यानंच सांगितलं. "मिलिंद, पिवळी रोज घे असं तुझ्या आईला मी सांगितलं. दोन्ही पिवळ्या आहेत हे ती सांगत होती आणि मी फोन ठेवला. रेवतीचा यात काही संबंध नाही."

मिलिंदनं चपलांतले पाय मागे घेतले. मग म्हणाला, "काल का नाही बोललात, मामी?"

मी सवयीनं काहीतरी विनोद करायला गेले आणि अर्ध्यात सोडला. रेवती उठली, पाण्याची बाटली घेतली आणि भरायला गेली. बाटली भरलेलीच होती.

तोंड बांधून मी आत गेले. शालूला दुसऱ्याच प्रकारचं फॉलिक इंजेक्शनातून चालू होतं. औषधानं अडवलेल्या दाराच्या पलीकडे उतरवलेलं मीठ म्हणा. पण ते आलं म्हणून पंगत लगेच उठत नाही. मज्जेला पुन्हा पानं मांडायची असतात, पुन्हा वाढायचं असतं, आणि तोवर रक्तात जुन्या पेशी रोज मरतच असतात. ती मधली पोकळी कुणालाच टाळता येत नाही. पिवळी रोजची असं मीच सांगितलं होतं, हे बाहेर कबूल केल्याचं मी तिलाही सांगितलं.

"माहीत आहे," ती म्हणाली. एकेका शब्दाला दुखत होतं. "मी नाव नसतं घेतलं."

ते मला शिक्षेसारखं लागलं. तिच्या मनात तसं नसावं. शालू लहानपणापासून कुणाचं नाव सांगत नाही.

नंतरचे दिवस एकसारखेच गेले. ताप चढायचा, उतरायचा. पांढऱ्या पेशी आणखी खाली गेल्या. डॉक्टर मुलगी येऊन खोलीबाहेर कठड्याला टेकून उभी राहायची, आणि ती बोलायच्या आधी आम्ही तिचा चेहरा वाचायचो. एका दुपारी शालू मला ओळखेना. माझ्या भावाला, ज्याला ती आमच्या लग्नात जेमतेम एकदा भेटली होती, हाका मारत होती. मिलिंद भिंतीकडे तोंड करून रडला. रेवतीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि त्यानं तो झटकला नाही.

मग एका सकाळी आकडा जिथे होता तिथेच थांबला. दुसऱ्या दिवशी जरासा वर. डॉक्टर हसली नाही, पण कठड्याला टेकलीही नाही. त्याच दिवशी शेजारची खोली रिकामी दिसली. नर्स म्हणाली, ते पेशंट घरी गेले. बरे होऊन का, ते विचारायचं मी टाळलं.

पनवेल स्टँड

शालू घरी आली. जिवंत आहे, असं आम्ही सगळे एकमेकांना फोनवर सांगतो, आणि ते खरंच आहे. कंगव्यात केसांचे पुंजके येतात. वरणभात गिळता येतो, बिनमिठाचा, बिनतिखटाचा. पण ते औषध आता तिला कुणी देणार नाही, आणि त्याच्यावाचून बोटं पुन्हा सुजलीत. निघताना मी तिला चहा दिला तर तिनं कप दोन्ही तळहातांत धरला, लहान मूल धरतं तसा. म्हणाली, "या पुन्हा." कधी, ते म्हणाली नाही.

रेवती मला स्टँडवर सोडायला आली. इतक्या दिवसांत आम्ही दोघी एकट्या अशा पहिल्यांदाच. डोक्यावरून नव्या विमानतळाचं एक विमान इतकं खालून गेलं की बोलणं थांबवावं लागलं. गाडीला वेळ होता. मी म्हणाले, "रेवती, तुला जे ऐकावं लागलं ते माझ्यामुळे. एक दिवस मी गप्प बसले, त्याबद्दल माफी मागते."

तिनं माझी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. गाडी लागली, मी पायरीवर चढले, तिनं पिशवी वर दिली, आणि तेव्हा बोलली:

"मामी, आईंचं तोंड आलं तेव्हाच मला वाटलं होतं, गोळी बदलल्यापासून हे सुरू झालंय. तुमचा नंबर काढून बसले होते मी. पण लावला नाही. त्या दिवशी मला आईंची काळजी कमी आणि तुमची भीती जास्त वाटली."